गतीचा अर्थ गत्यंतर

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने: "मी ५२ वर्षांची आहे. वडील मजुरी करत. आमच्या घरात शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणारी मी पहिली. माझी फी भरता यावी म्हणून धाकट्या भावाने आठवीत शाळा सोडली आणि तो गवंडीकामाला लागला. मी कारकून म्हणून नोकरीला लागले आणि विभागप्रमुख झाले. दीड वर्षापूर्वी पाठीच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब आल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर दुखणे वाढायचे थांबले, पण पायांतली शक्ती पुरती परतली नाही. वॉकर धरून घरातल्या घरात चालते. दाराशी तीन पायऱ्या आहेत, त्या उतरण्यासाठी भाऊ येतो आणि मला पाठीवर घेतो. कार्यालयाने मला तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात एक साधी जागा देऊ केली आहे. मुलगी म्हणते, व्हीलचेअर घे. मला वाटते, तीत एकदा बसले की कायमची बसले. सारे आयुष्य वर चढण्यात गेले आणि आता तीन पायऱ्या उतरता येत नाहीत. जिथून निघाले तिथेच परत आले का? 'गतिशीलता' हा शब्द मी आजवर भाषणांत किती वेळा वापरला. माझ्यासाठी त्याचा काय अर्थ उरला आहे?"

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

व्हीलचेअर घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते: घ्यावी आणि लवकर घ्यावी. परंतु ती घरात आणूनही तुम्ही तीत बसणार नाही, अशी मला भीती वाटते, कारण तुम्हाला खुर्चीपेक्षा एक शब्द अधिक अडवतो आहे. म्हणून आधी त्या शब्दाविषयी लिहिते.

कमावत्या माणसाला आपण 'स्वतःच्या पायावर उभा' म्हणतो. ज्याला कोणापुढे मिंधे व्हावे लागत नाही तो 'ताठ मानेने चालतो' आणि ज्याची नोकरी गेली तो 'घरी बसतो'. समाजातले स्थान शरीराच्या हालचालीवरून सांगण्याची ही सवय भाषेत इतकी मुरलेली आहे, की पाय थकले म्हणजे प्रतिष्ठाही थकली, असे वाटणे हा तुमच्या मनाचा दुबळेपणा मुळीच नाही. तुम्ही जी भाषा ऐकत वाढलात तिनेच तुम्हाला हे शिकवले आहे. पण त्याच भाषेत दुसरीही एक समज आहे आणि ती मला अधिक खरी वाटते. 'तिला गणितात चांगली गती आहे' असे आपण म्हणतो तेव्हा तिला त्या विषयात वाट सापडते, असे सांगायचे असते. 'अगतिक' म्हणजे लंगडा किंवा पांगळा नव्हे. ज्याच्यापुढे दुसरी वाटच उरलेली नाही तो अगतिक, मग त्याचे पाय कितीही धडधाकट असोत. 'गत्यंतर नव्हते' हे शब्दही आपण नेमके तेव्हाच वापरतो, जेव्हा निवड करण्याची सोय कोणी ठेवलेली नसते.

माझ्या मते गतिशीलतेचा अर्थ, शरीराच्या बाबतीत आणि समाजाच्याही बाबतीत, हे गत्यंतर असणे हाच आहे: कुठे जायचे, केव्हा आणि कसे जायचे, परत कधी फिरायचे, आणि मुळात जायचे की नाही, हे आपले आपल्याला ठरवता येईल इतक्या वाटा मोकळ्या असणे. हा अर्थ तुमच्या दोघा भावंडांना लावून पाहा. तुमचा भाऊ पायांनी तुमच्यापेक्षा कितीतरी अधिक चालला आणि चढला. पराती आणि विटा घेऊन परांचीवर चढण्यातच त्याचे दिवस गेले. तुम्ही त्याच वर्षांत बहुतेक वेळ एका टेबलामागे बसून होता. तरीही आठवीत शाळा सोडताना गत्यंतर नव्हते ते त्याला, आणि गतिशील ठरलात तुम्ही. तुमची गती तेव्हाही पायांत नव्हती, ताई. मग आज पाय दुबळे झाले म्हणून ती गेली असे कसे म्हणता येईल?

समाजशास्त्रात सामाजिक गतिशीलतेची पहिली मोठी मांडणी पितिरिम सोरोकिन यांनी १९२७ साली केली. ते रशियाच्या उत्तरेकडील कोमी लोकांच्या मुलखात १८८९ मध्ये एका फिरत्या कारागिराच्या घरी जन्मले, आधी झारच्या आणि पुढे बोल्शेविकांच्या राजवटीतही तुरुंगात गेले, १९२२ मध्ये देशाबाहेर घालवले गेले आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. त्यांनी सामाजिक हालचालीचे दोन प्रकार सांगितले. एक आडवी: माणूस जागा बदलतो, पण त्याची पातळी तीच राहते. दुसरी उभी, आणि ती वर जाणारी असते तशी खाली येणारीही असते. हा फरक लक्षात ठेवा. तुमच्या नोकरीसंबंधी लिहिताना मला तो पुन्हा लागणार आहे. सोरोकिन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती, जी बढतीच्या सत्काराच्या दिवशी कोणी बोलत नाही: फार हालचाल असलेल्या समाजात माणसांतली जवळीक पातळ होते आणि एकटेपण वाढते. तुमच्या पत्रात कार्यालयातल्या एकाही सहकाऱ्याचा माणूस म्हणून उल्लेख नाही. आज तुमच्या सोबत असलेल्यांपैकी ज्यांचा आहे ती दोनच माणसे, मुलगी आणि भाऊ.

शिडी आणि मजले यांची प्रतिमा मराठीत सर्वांत भेदकपणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वापरली. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात त्यांनी जातींच्या समाजाला अशा मनोऱ्याची उपमा दिली, ज्याला मजले आहेत पण शिडी नाही, आणि म्हणून जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने त्याच मजल्यावर मरायचे. त्या उपमेत दोष माणसांच्या पायांना दिलेला नाही, इमारत बांधण्याच्या पद्धतीला दिलेला आहे. तुमच्या दाराच्या तीन पायऱ्यांकडेही मी याच नजरेने पाहते. अन्यायाच्या तोलात या दोन गोष्टींची बरोबरी होऊ शकत नाही आणि ती मला करायचीही नाही. पण प्रश्न विचारण्याची दिशा तीच आहे. 'मला पायऱ्या उतरता येत नाहीत' हे वाक्य जितके खरे आहे तितकेच 'माझ्या दाराला उतार बांधलेला नाही' हेही खरे आहे, आणि यांपैकी दुसऱ्या वाक्याचे काहीतरी करता येते.

आता एका माणसाची हकिगत सांगते. अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना १९५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पोलिओ झाला. मानेखालचे शरीर जवळजवळ निश्चल झाले. श्वासासाठी त्यांना बराच काळ रोज 'आयर्न लंग' या श्वास देणाऱ्या लोखंडी यंत्रात झोपावे लागे. १९६२ मध्ये त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळवला. त्याच राज्याच्या पुनर्वसन विभागाने सुरुवातीला त्यांना शिक्षणासाठी मदत नाकारली होती, कारण हा मुलगा कधी नोकरी करू शकेल असे विभागाला वाटत नव्हते. पुढे १९७२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह बर्कलीत 'स्वतंत्र जीवन केंद्र' सुरू केले आणि १९७५ मध्ये ते त्याच पुनर्वसन विभागाचे प्रमुख झाले. तुम्ही ज्याला चढणे म्हणता ते याहून मोठे काय असेल? पण मला त्यांच्या आयुष्यातली एक लहान गोष्ट अधिक मोलाची वाटते. विद्यार्थी असताना कितीतरी दिवस त्यांची खुर्ची मदतनीस ढकलत असे आणि विजेवर चालणारी खुर्ची आपल्याला चालवता येणार नाही असा त्यांचा समज होता. मग ते एका मुलीच्या प्रेमात पडले. दोघांच्या मध्ये कायम मदतनीस असणे त्यांना असह्य झाले आणि विजेची खुर्ची चालवायला ते पाहता पाहता शिकले. खुर्ची ही त्यांना आजाराची खूण वाटत होती तोवर ती जड होती. हव्या त्या माणसाबरोबर एकट्याने जाता येण्याचे ते साधन झाले, तेव्हा तिचे ओझे राहिले नाही. त्यांच्या चळवळीने स्वावलंबनाची जी व्याख्या रुजवली तीही हीच होती, की प्रत्येक काम स्वतःच्या हातांनी करता येणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. आपले काम केव्हा आणि कसे व्हावे याचा निर्णय आपल्या हातात असणे म्हणजे स्वावलंबन.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात विसावे कलम वैयक्तिक संचाराविषयी आहे. व्यक्तीला तिच्या पसंतीच्या पद्धतीने आणि तिच्या पसंतीच्या वेळी, परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता यावे, असे त्यात म्हटले आहे. पद्धत आणि वेळ, या दोन्हींवर बोट ठेवून ते वाचा. आज तुमच्या बाहेर पडण्याची वेळ तुमचा भाऊ कामावरून कधी सुटतो यावर ठरते आणि पद्धत त्याच्या पाठीच्या बळावर. व्हीलचेअर नाकारून तुम्ही स्वातंत्र्य राखता आहात असे तुम्हाला वाटते; प्रत्यक्षात ते तुम्ही दुसऱ्याच्या सवडीला बांधून टाकले आहे. शिवाय पाठीवरून पायऱ्या उतरणे धोक्याचे आहे. तोल गेला तर तुमच्या नुकत्याच सावरलेल्या मणक्याला आणि त्याच्या आयुष्यभर ओझी वाहिलेल्या पाठीला, दोघांनाही इजा होईल.

'एकदा बसले की कायमची बसले' ही भीती खुर्ची वापरणाऱ्या फार जणांनी सुरुवातीला बोलून दाखवलेली आहे, म्हणून तिला सरळ उत्तर देते. व्हीलचेअर वापरणारे अनेक लोक थोडे चालू शकतात. घरात वॉकर आणि बाहेर खुर्ची, असे दोन्ही चालू ठेवण्यात काहीही विसंगती नाही. पायांचे व्यायाम आणि चालण्याचा सराव फिजिओथेरपिस्टने सांगितला तसा सुरूच ठेवायचा. फरक एवढाच पडेल, की दारापासून रस्त्यापर्यंत पोहोचण्यात जी शक्ती आज संपून जाते ती तुम्हाला हव्या त्या कामासाठी उरेल.

मात्र खुर्ची कशी निवडायची याकडे दुर्लक्ष करू नका, कारण चुकीच्या मापाची खुर्ची माणसाला खरोखरच घरी बसवते. पूर्वीच्या चाकाच्या खुर्च्या दुसऱ्याने ढकलण्यासाठीच बनवल्या जात. १६५५ च्या सुमारास न्यूरेम्बर्गमधील स्टेफान फारफ्लर या तरुण घड्याळजीने, ज्याचे स्वतःचे पाय निकामी होते, हातांनी दांडा फिरवून चालवायची तीन चाकांची खुर्ची स्वतःसाठी तयार केली. खाणीतल्या अपघातात पाठ मोडून पाय निकामी झालेले खाण-अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये पोलादी नळ्यांची घडी होणारी खुर्ची बनवली आणि ती मोटारीत घालून नेता येऊ लागली. या दोन्ही वेळी सुधारणा घडली, कारण ज्याला बसायचे होते त्याने आपल्याला कुठे जायचे आहे ते आधी सांगितले. तुम्हीही दुकानात जाण्यापूर्वी तसे सांगा: कार्यालय, बाजार, भावाचे घर, जिथे जिथे जायचे आहे त्या जागा आणि तिथली जमीन कशी आहे ते लिहून काढा. बैठकीची रुंदी नितंबांच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरहून फार अधिक नसावी, नाहीतर चाकांपर्यंत हात नीट पोहोचत नाहीत आणि खांदे दुखावतात. पाय ठेवायच्या पट्ट्यांची उंची अशी हवी, की मांडी पूर्ण टेकेल. उशी चांगल्या प्रतीची घ्या आणि बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घ्या. मज्जारज्जूच्या दुखण्यात कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते आणि दाबाने झालेली जखम उशिरा कळते. घरातल्या दारांची मोकळी रुंदी मोजा. ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर अडचण येईल.

एका गोष्टीची तयारी मनाची करावी लागेल. माझ्या आईची खुर्ची मी तीन वर्षे ढकलली आहे. कुठल्याही कार्यालयात खिडकीपलीकडचा माणूस तिच्याकडे न पाहता मला विचारत असे, "यांचे नाव काय? यांना सही करता येते का?" माझी आई तीस वर्षे शिक्षिका होती. पहिले काही महिने मीच उत्तरे देत गेले, कारण त्यामुळे काम लवकर होई, आणि ती माझी चूक होती; तिच्या तोंडचे शब्द मी काढून घेत होते. नंतर एके दिवशी तिने मला हलक्या आवाजात सांगितले, की तू खुर्चीच्या मागे उभी राहा, माझ्या पुढे उभी राहू नकोस. त्यानंतर मी गप्प राहायला शिकले आणि खिडकीपलीकडच्या माणसांना नाइलाजाने तिच्याशी बोलावे लागले. तुमच्या मुलीला हे आजच सांगून ठेवा. शरीराच्या उंचीवरून माणसाची योग्यता ठरवणारे लोक भेटणारच, आणि तो अपमान बोचेल. पण त्यासाठी घरात राहणे म्हणजे त्यांचा निर्णय आपणच अमलात आणणे होय.

आता नोकरीविषयी. इथे सोरोकिन यांचा फरक लावा. अभिलेख कक्षातील जागेचा दर्जा, वेतन आणि अधिकार विभागप्रमुखाइतकेच असतील तर ती आडवी बदली आहे आणि ती स्वीकारण्यात कमीपणा नाही. ते तसे नसतील तर ती पदावनती आहे, मग तिला 'तुमच्या सोयीसाठी' असे कितीही गोड नाव दिलेले असो. तुमच्या पत्रावरून मला ती पदावनतीच वाटते. तुमची कामाची क्षमता कमी झाली आहे असे कोणी म्हटलेले नाही. अडचण वरच्या मजल्यावर पोहोचण्याची आहे. मग माणसाला खालच्या पदावर आणण्याऐवजी पदाचे टेबल खालच्या मजल्यावर आणता येईल का, हा प्रश्न कार्यालयाने आधी विचारायला हवा होता. तो तुम्ही लेखी विचारा. वर उल्लेखिलेल्या कराराचे सत्ताविसावे कलम नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांच्या कामाच्या हक्कालाही संरक्षण देते आणि कामाच्या जागी वाजवी सोय करून देण्यास सांगते. तुमच्या सेवेला लागू असलेला कायदा आणि नियम मिळवून स्वतः वाचा, अर्जात कलमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. तोवर राजीनामा देऊ नका आणि नव्या जागेची संमतीही देऊ नका. हे सर्व करूनही एखाद्या दिवशी तुम्हाला वाटले, की आता धावपळ नको, शांत काम हवे, तर अभिलेख कक्षात अवश्य जा; तो निर्णय तेव्हा तुमचा असेल.

भावाविषयी लिहायचे मी शेवटी ठेवले, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत दुखरा भाग तोच आहे असे मला वाटते. ज्याच्या शाळेच्या बदल्यात मी चढले त्याच्याच पाठीवर आता बसते, असा काहीसा भाव त्या ओळींत आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१८ च्या अहवालात असा अंदाज मांडला होता, की तिच्या सदस्य देशांत गरीब कुटुंबातील वंशजांना सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला सरासरी साडेचार पिढ्या लागू शकतात. तुम्ही एवढी मजल एका पिढीत मारलीत, कारण एका पिढीतल्या दोघांचे बळ एकीला मिळाले. हे ऋण पैशाने फिटणार नाही, पण त्यामुळे शरमेने मान खाली घालण्याचेही कारण नाही. २०२२ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कोट्यवधी लोकांच्या मैत्रीच्या जाळ्याचा अभ्यास करून दाखवले, की ज्या भागांत गरीब आणि सुस्थितीतील लोकांची परस्परांशी अधिक मैत्री असते, त्या भागांत गरीब घरांतली मुले पुढे अधिक वर जातात. तुमच्या भावाला मुले असतील तर त्यांच्यासाठी अशी ओळखीची व्यक्ती घरातच आहे. कोणता अभ्यासक्रम निवडावा, अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय विचारतात, हे त्यांना तुमच्याइतके आपुलकीने कोण सांगणार? पण त्यासाठी त्यांचे तुमच्याकडे आणि तुमचे त्यांच्याकडे येणे-जाणे हवे, आणि पाठीवर बसून उतरायची लाज वाटते म्हणून तुम्ही भावाला बोलावणेच टाळू लागला असाल, तर ते येणे-जाणेच तुटेल.

म्हणून या आठवड्यात त्याला बोलावा, पण उचलून नेण्यासाठी नव्हे. दारापुढच्या तीन पायऱ्या त्याला मोजायला सांगा. व्हीलचेअरच्या उतारासाठी सर्वसाधारण प्रमाण एकास बाराचे धरतात, म्हणजे प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर एकूण चढ ४५ सेंटिमीटरचा आणि उताराची लांबी ५ मीटर ४० सेंटिमीटर होईल. वर दारापाशी खुर्ची वळवण्यासाठी दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा सोडावी लागेल. अंगण तेवढे लांब नसेल तर उतार मध्येच वळवून घ्यावा लागेल आणि वळणावरही तेवढाच सपाट भाग ठेवावा लागेल. कडेला चाक घसरू नये म्हणून बुटका कठडा हवा, आणि पृष्ठभाग गुळगुळीत नको, खरखरीत हवा. पाणी कुठून काढायचे आणि वळण कुठे घ्यायचे, हे त्यालाच ठरवू द्या. या कामात तुमच्यापेक्षा गती त्याला आहे.

आपली,
सदर लेखिका